घरच्या जुन्या कॅसेटी टीव्हीवर दाखवायला स्वस्तातला सर्व्हर: काय घेऊ?

जांबोटी_रोड

नमस्कार मंडळी. आमचं घर खानापूर तालुक्यात. वडिलांचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा होता, आधी व्हीएचएसवर, मग मिनीडीव्हीवर. धंद्याच्या कॅसेटी गिऱ्हाइकांकडे गेल्या, पण घरच्या आणि गल्लीच्या ट्रंकेत राहिल्या. आजोबांचं भजन, आत्याचं लग्न, गणपतीत बसवलेली नाटकं. त्यात बोलणारी अर्धी माणसं आज नाहीत. आमच्याकडचं जुनं बोलणं कुठं ऐकायचं झालं तर ते या कॅसेटीतच आहे.

गेल्या दोन पावसाळ्यांत सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. व्हीएचएस ४० कॅसेटी, साधारण ८० तास. मिनीडीव्ही २०, त्यांना तासाला १३ जीबी जागा लागते. शिवाय लग्नाच्या ६० व्हीसीडी आणि मोबाइलमधले व्हिडिओ. सगळं मिळून सव्वा टीबीच्या आत बसतं.

आता हे आजीला टीव्हीवर बघता यावं, बहिणीला गडहिंग्लजला आणि भावाला बेंगळुरूला बसून बघता यावं, एवढंच पाहिजे. त्यासाठी सर्व्हर, म्हणजे व्हिडिओ साठवून टीव्हीला पुरवणारी पेटी, घरात ठेवायचा आहे. बजेट डिस्कसकट वीस हजार. समोर चार पर्याय आहेत: घरातलाच जुना टॉवर (तिसऱ्या पिढीचा इंटेल आय-३), रास्पबेरी पाय ५ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर, दोन डिस्कांचा तयार नॅस (नेटला जोडायची डिस्कांची पेटी), नाहीतर ऑफिसमधून निघालेला जुना मिनी पीसी.

एक अडचण आधीच सांगतो. आम्ही गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, आहोत. २०२२-२३ ची आमची सरासरी १२० युनिट, त्यावर दहा टक्के धरून १३२ पर्यंत बिल शून्य. सध्या ११८ च्या आसपास जातात. त्यामुळं चोवीस तास चालणारी वस्तू घ्यायची तर वॅट मोजूनच घ्यावी लागणार.

तिसरं_गेट

तुम्ही युनिटापासून सुरुवात केलीत ते फार बरं केलंत. तोच हिशेब आधी करू.

सर्व्हर चोवीस तास चालू राहणार. दहा वॅट खाणारी पेटी महिन्याला सव्वासात युनिट घेते. तुमचा जुना टॉवर नुसता बसून साठ वॅट खाईल, म्हणजे महिन्याला ४३ युनिट. ११८ मध्ये ४३ मिळवले की १६१, आणि १३२ च्या वरच्या प्रत्येक युनिटाचे पैसे तुमच्या खिशातून. उन्हाळ्यात पंखे-कूलरनं आकडा योजनेच्या २०० युनिटांच्या मर्यादेपलीकडं गेला तर अख्खंच बिल भरायचं. म्हणून घरात फुकट पडलेला टॉवर हाच तुमच्यासाठी सगळ्यात महाग पर्याय आहे. तो बाद करा.

आता पेटीला काम काय पडणार ते बघा. टीव्हीला जी फाइल जशी आहे तशी वाजवता येते, तिथं सर्व्हर नुसता पोस्टमन असतो. फाइल उचलायची, टीव्हीला द्यायची. त्याला डायरेक्ट प्ले म्हणतात आणि ते कुठलीही पेटी करते. पण टीव्हीला फाइल समजली नाही, किंवा बाहेरगावी बघणाऱ्याचं नेट तोकडं पडलं, की सर्व्हरला चालत्या गाडीत व्हिडिओ नव्या साच्यात ओतावा लागतो. ते ट्रान्सकोडिंग. तुमच्या व्हीएचएस बहुतेक एमपेग-२ मध्ये उतरल्या असणार, व्हीसीडी तर एमपेग-१ च. या व्हिडिओ साठवायच्या जुन्या पद्धती. मिनीडीव्हीच्या डीव्ही फाइली टीव्हीवरची अ‍ॅप सहसा घेत नाहीत. शिवाय जुन्या कॅमेऱ्याचं चित्र इंटरलेस्ड, म्हणजे एकआड एक रेघांत घेतलेलं, असतं, त्यामुळं हात हलला की कंगव्याच्या दातासारख्या रेघा दिसतात. त्याही सर्व्हरनंच काढाव्या लागतात. दुसऱ्याच्या घरी सगळं डायरेक्ट प्ले होत असेल, तुमच्याकडं होणार नाही. तुमच्या पेटीला ट्रान्सकोडिंग जमलंच पाहिजे.

म्हणून इंटेल घ्या. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांत क्विक सिंक नावाचा वेगळा भाग असतो, तो हे काम प्रोसेसरवर फारसा भार न टाकता करतो. सहावी पिढी आठ बिट एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायची नवी पद्धत) उलगडते. दहा बिटचं एचईव्हीसी पूर्ण हार्डवेअरवर हवं असेल तर सातवी पिढी लागते. तुमच्या कॅसेटींना त्याची गरज नाही, पण नव्या मोबाइलमधले एचडीआर व्हिडिओ त्याच प्रकारचे असतात. आज-उद्या भाऊ ते पाठवणारच.

सातवी पिढी स्वस्त का झालीय तेही सांगतो. विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढं चालतं, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळं ऑफिसांतून सहाव्या-सातव्या पिढीच्या पेट्या ढिगानं बाहेर पडल्या. आपण त्यावर विंडोजऐवजी डेबियन हे मोफत लिनक्स टाकणार, मग आपल्याला त्याचं काय? डेलचा ऑप्टिप्लेक्स ३०५० मायक्रो, लेनोवोचा एम७१०क्यू, एचपीचा एलिटडेस्क ८०० जी३ मिनी, यांतलं जे चांगल्या हालतीत मिळेल ते घ्या. एक मात्र नीट बघा: ३०५० हे नाव सहाव्या पिढीलाही आहे आणि सातव्यालाही. पेटीवरचं नाव बघून पैसे देऊ नका, स्क्रीनवर प्रोसेसरचा आकडा बघा. आय-५ ६५००टी असेल तर सहावी, ७५००टी असेल तर सातवी.

निपाणी_नाका

माझ्याकडं दोन वर्षं पाय ४ होता, त्याबद्दल लिहितो. गाणी आणि साधे एमपी४ यांच्यासाठी तो उत्तम चालला. आवाज नाही, गरमी नाही, वीज नावाला. पण बहिणीच्या हळदीची डीव्ही फाइल लावली आणि दर चार सेकंदांनी गोल चक्र फिरायला लागलं. घरचे सगळे टीव्हीसमोर बसलेले, आई मुलाला सांगतीये "थांब, आत्ता येईल माझी मावशी", आणि मावशी काही येईना.

पाय ५ चा प्रोसेसर जास्त ताकदीचा आहे, पण त्यात एच.२६४ साठी, म्हणजे नेहमीच्या एमपी४ व्हिडिओंच्या पद्धतीसाठी, हार्डवेअरचा उलगडणारा भागही नाही आणि नव्यानं बनवणाराही नाही. फक्त एचईव्हीसी उलगडणारा ठेवलाय. म्हणजे तुमचं सगळं काम निव्वळ प्रोसेसरच्या जोरावर. शिवाय पाय, अडॅप्टर, केस, पंखा, कार्ड अशी बेरीज केली की जुन्या मिनी पीसीच्या किमतीला जाऊन पोचतो. पाय वाईट नाही, तुमच्या कॅसेटींसाठी नाही एवढंच.

खडे_बाजार

मी दुरुस्तीच्या लाइनीत आहे, रोज अशा पेट्या हातातून जातात. तिसरं_गेट यांनी सांगितलेलं बरोबर हाय. दुकानात उभं राहून काय बघायचं ते मी सांगतो.

पहिलं, पेटी चालू करायला लावून बायोसमध्ये, म्हणजे पेटीच्या मूळ सेटिंगांत, शिरून दाखवा म्हणा. ऑफिसच्या पेट्यांना बायोसचा पासवर्ड मारलेला असतो आणि विकणाऱ्यालाच तो माहीत नसतो. तो उघडला नाही तर कितीही स्वस्तात देऊ देत, घेऊ नका.

दुसरं अडॅप्टर. काही कंपन्यांच्या पेट्या अडॅप्टरच्या मधल्या पिनेवरनं तो आपलाच हाय की नाही ते ओळखतात. डुप्लिकेट लावला की पेटी चालू होते, पण मुद्दाम मंद चालते. गिऱ्हाईक म्हणतंय पेटी खराब, आणि खराब असतोय अडॅप्टर. चालू करताना अडॅप्टर ओळखता आला नाही अशी सूचना आली तर लगेच ओरिजिनल मागा.

तिसरं बारीक हाय, पण तुमच्या खानापूर भागात तेच जास्त लागणार. बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं अशी एक सेटिंग असते, ती 'पॉवर ऑन' वर ठेवा. नाहीतर रात्री वीज गेली की सकाळी कोणीतरी जाऊन बटण दाबेपर्यंत सर्व्हर बंदच. आणि ही सेटिंग टिकून राहायची तर आतला नाण्याएवढा सेल जिवंत पाहिजे. सात-आठ वर्षांच्या पेटीत तो मेलेला असतोय. माझ्याच घरची गोष्ट सांगतो. वळीव झाला, अर्धा दिवस लाइट नव्हती. लाइट आली, पेटीचा दिवा लागला, पण टीव्हीवर काही दिसंना. मॉनिटर लावून बघितलं तर तारीख पुसली गेलेली आणि पेटी एफ-१ दाबायची वाट बघत थांबलेली. तीन दिवस तशीच होती. सेल सीआर२०३२, किरकोळ पैशांत मिळतो. पेटी घेतली त्याच दिवशी बदलून टाका.

इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा. साध्या मोडवर वीज जाताना मध्ये जो झटका बसतो तेवढ्यात पेटी बंद होऊन परत सुरू होते, आणि लिहिणं चालू असलेल्या डिस्कला ते चांगलं नव्हे.

जांबोटी_रोड

खूप खूप आभार. इन्व्हर्टर आहे, आत्ताच बघितलं, साध्याच मोडवर होता. बदलला.

तयार नॅसबद्दल कोणी बोललं नाही. आणि डिस्क कुठली? सीसीटीव्हीच्या दुकानातली मोठी डिस्क चालते असं एकजण म्हणाला.

तिसरं_गेट

नॅस चांगली वस्तू आहे, पण वीस हजारांत दोन खणांची नुसती रिकामी पेटी येईल, डिस्का वेगळ्या. आणि त्या किमतीच्या बऱ्याच पेट्यांत इंटेल नसतो, मोबाइलसारखा एआरएम प्रोसेसर असतो, म्हणजे पुन्हा ट्रान्सकोडिंगची बोंब.

खडे_बाजार

सीसीटीव्हीची डिस्क चालते, दिवसरात्र चालायलाच बनवलेली असते. पण ती साडेतीन इंची, तिला बारा व्होल्टची वेगळी वीज लागते, म्हणजे डिस्क बसवायचा डॉक आला, आणखी एक अडॅप्टर आला, आणि पाच-सात वॅट वाढले. चार टीबीच्या वर माल असता तर मी तीच घ्या म्हटलं असतं. तुमचा सव्वा टीबी. दोन टीबीची खिशातली यूएसबी डिस्क बास झाली, वीज पेटीतनंच घेते.

जुनी डिस्क मात्र घेऊ नका. पेटी जुनी चालते, रॅम जुना चालतो, डिस्क नवीच पाहिजे. कोणी फारच आग्रह केला तर स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीचा, अहवाल काढायला लावा. त्यात किती तास चाललीय ते दिसतं, आणि रीअ‍ॅलोकेटेड व पेंडिंग सेक्टर (खराब जागांचे आकडे) शून्य नसतील तर हात जोडून परत द्या.

कृष्णाकाठ_उगार

धागा वाचत होते, पण एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. दादा, तुम्ही एकच डिस्क घेणार आहात का?

आमचं घर उगारला, नदीपासून लांब नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा चढली तेव्हा आम्ही धान्य, कागदपत्रं आणि सासूबाईंना घेऊन बाहेर पडलो. कॉम्प्युटर टेबलावर होता, तो वाचला. डिस्क खालच्या कप्प्यात होती. तिच्यात माझ्या वडिलांनी मोठ्यानं वाचलेल्या ज्ञानेश्वरीचं रेकॉर्डिंग होतं, सात अध्याय. पाणी उतरल्यावर मी ती डिस्क पुसली, उन्हात ठेवली, तांदळात ठेवली. लावली तर नुसता टक टक आवाज. मूळ कॅसेटीही त्याच कप्प्यात होत्या. ते सात अध्याय गेले.

आता माझ्याकडं इंटेलच्या एन१०० ची नवी छोटी पेटी आहे, २०२३ मध्ये आलेला प्रोसेसर, सहा वॅटचा. बारा व्होल्टवर चालते म्हणून राउटरसाठी मिळतो तसलाच, पण जास्त ताकदीचा डीसी यूपीएस तिला पुरतो. पण पेटीचं महत्त्व मला फार वाटत नाही. पेटी कधीही मिळते. माझी दुसरी डिस्क मिरजेला मावशीकडं असते. दिवाळीला जाते तेव्हा नवी प्रत घेऊन जाते आणि जुनी घेऊन येते. तुमच्या बजेटात पेटी आणखी साधी घ्यावी लागली तरी चालेल, पण डिस्का दोन घ्या आणि दुसरी गडहिंग्लजला ठेवा.

जांबोटी_रोड

ताई, तुमचं वाचून मी आत जाऊन ट्रंक बघून आलो. आमची डिस्क आणि कॅसेटी एकाच ट्रंकेत आहेत. दोन डिस्का घेणार, नक्की.

बेंगळुरूत_बेळगावकर

भावासाठी आणि बहिणीसाठी एक सांगायचं होतं. हल्ली बऱ्याच जोडण्यांमध्ये अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता असतो, त्यामुळं राउटरमध्ये पोर्ट उघडून बाहेरून आत येता येत नाही. त्यात दोन दिवस घालवू नका. टेलस्केल टाका, ते आपल्या उपकरणांना खाजगी जाळ्यात जोडतं. घरगुती वापराला फुकट आहे, अँड्रॉइड टीव्हीवरही त्याचं अ‍ॅप आहे. बेंगळुरूच्या टीव्हीला वाटतं सर्व्हर शेजारच्या खोलीतच आहे. आणि सर्व्हर उघड्या इंटरनेटवर येतच नाही, घरच्या बायका-पोरांचे व्हिडिओ असताना ते महत्त्वाचं.

घरची अपलोडची गती तपासा. बाहेरच्या माणसाला चार एमबीपीएसची मर्यादा घालून द्या. जुन्या कॅसेटीचं चित्र ७२० बाय ५७६ चंच असतं, त्याला तेवढं भरपूर.

आणि सर्व्हरवरून टीव्हीला व्हिडिओ पुरवायला सॉफ्टवेअर जेलीफिनच. डिसेंबर २०१८ मध्ये एम्बी या तसल्याच सॉफ्टवेअरमधून वेगळा झालेला, पूर्ण मोफत. प्लेक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हार्डवेअर ट्रान्सकोडिंगला पैसे भरावे लागतात, आणि तुम्ही पेटी घेताय तीच मुळात त्यासाठी.

वडगाव_माग

व्हीसीडीवाल्या .डॅट फाइली तशाच टाकू नका. एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरनं एच.२६४ एमपी४ करून घ्या, एकदाच करायचं काम आहे, रात्रभर लावून ठेवलं की साठ व्हीसीडी दोन-तीन रात्रीत होतात. डीव्हीच्या मूळ फाइली मात्र पुसू नका. त्या तशाच ठेवा आणि बघण्यासाठी वेगळी प्रत करा.

नाटकांना सबटायटल घालणार असाल, नातवंडांना जुने शब्द कळत नाहीत म्हणून मी आजीच्या ओव्यांना घातलेत, तर साध्या एसआरटी फाइलीत यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. टीव्हीनं मजकूर स्वतः दाखवला तर अडचण नाही. सर्व्हरला तो चित्रात मिसळावा लागला आणि पेटीत देवनागरी फॉन्ट नसेल, तर अक्षरांच्या जागी चौकोन येतात. नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट टाकून ठेवा. माझे आठ दिवस त्या चौकोनांत गेले.

जांबोटी_रोड

मंडळी, झालं एकदाचं. सविस्तर लिहितो, पुढं कोणाला उपयोग होईल.

गेल्या शनिवारी बेळगावला जाऊन आलो. पहिल्या दुकानात ३०५० म्हणून दाखवला, आकडा बघितला तर ६५००टी. नको म्हटलं. दुसरीकडं ७५००टी मिळाला, आठ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, साडेआठ हजार. बायोस उघडून दाखवा म्हटल्यावर त्यांनी लगेच दाखवला. अडॅप्टर ओरिजिनल. सेल तिथंच बदलून घेतला. दोन टीबीच्या दोन नव्या डिस्का, सहा-सहा हजार. एकूण साडेवीस हजार, पाचशे वर गेले.

डेबियन टाकलं, जेलीफिन टाकला, हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनमध्ये क्विक सिंक निवडला. तरी डीव्ही फाइल चालूच होईना, नुसती चूक दाखवायची. दोन तास डोकं धरून बसलो. मग कळलं की जेलीफिनच्या वापरकर्त्याला 'रेंडर' गटात घालावं लागतं, नाहीतर त्याला ग्राफिक्सच्या भागाला हातच लावता येत नाही. घातलं, सर्व्हर परत चालू केला, आणि तीच डीव्ही फाइल पाण्यासारखी वाहायला लागली. कंगव्याच्या रेघाही गेल्या. डिस्कसकट नुसता बसलेला असताना दहा-अकरा वॅट, व्हिडिओ चालू असताना वीसच्या आसपास. महिन्याला आठ-नऊ युनिट धरले तर १२७ होतात, १३२ च्या आत.

मुद्दाम मेन स्विच पाडून बघितला. पेटी इन्व्हर्टरवर चालूच राहिली. मग इन्व्हर्टरही बंद केला, पाच मिनिटांनी चालू केला, तर आपोआप उठली.

आजीला आत्याच्या लग्नाची कॅसेट लावून दिली. ती नवरीकडं बघतच नव्हती. मागं पंगत वाढताना एक बाई दिसते, हातात भाताचं तपेलं, पदर खोचलेला, दोन सेकंदच. आजी म्हणाली, "परत लाव." तिची धाकटी जाऊ. आम्ही ते अकरा वेळा लावलं. मग आजी तिच्याबद्दल बोलायला लागली आणि मी मोबाइल काढून ते रेकॉर्ड केलं. तेही आता सर्व्हरवर आहे.

भावानं काल रात्री बेंगळुरूहून बघितलं. दुसरी डिस्क रविवारी बहिणीकडं नेऊन ठेवतोय.

एकच राहिलंय. ट्रंकेच्या तळाला तीन कॅसेटी निघाल्या, त्यांच्या फितीवर पांढरी बुरशी आहे. व्हीसीआरमध्ये घालून बघू का?

कृष्णाकाठ_उगार

नको नको, अजिबात घालू नका. बुरशी व्हीसीआरच्या हेडला लागते आणि मग चांगल्या कॅसेटीही खराब करते, शिवाय फीत चिकटून तुटते. आधी साफ करून घ्यावी लागते.

निपाणी_नाका

माझ्या ओळखीत एकजण करतो, कॅसेट खोलून फीत हातानं फिरवत मऊ कापडानं पुसत जातो, एका कॅसेटीला अर्धा दिवस लागतो. तोवर त्या पिशवीत बंद करून, इतर कॅसेटींपासून लांब, कोरड्या जागी उभ्या ठेवा. ट्रंकेत परत टाकू नका. मी पुढच्या आठवड्यात खानापूरला येतोय, येताना घेऊन जाईन. व्यक्तिगत निरोपात पत्ता कळवा.